कलरिंग बुक पोरखेळ आहे का भाऊ? हो बी अन् नाही बी

दारव्ह्याकडच्या एका भाऊंनी विचारलंय. वय ४१, कृषी सेवा केंद्र आहे, सोबत सहा एकर वावर, कापूस आणि तूर. पुण्याची साळी दिवाळीत आली तेव्हा मोठ्या माणसांचं कलरिंग बुक घरी विसरून गेली, एका रात्री झोप येत नव्हती म्हणून ह्यांनी लेकीच्या पेन्सिली घेऊन दोन पानं रंगवली आणि बरं वाटलं. मग साळ्यानं ते पाहिलं आणि चार पाहुण्यांसमोर "काय जी भाऊजी, नर्सरीत नाव टाकलं का" म्हणून हसला. तर ह्यांचं म्हणणं की हा छंद करण्यासारखा आहे का, टेन्शन खरंच कमी होते का, ह्यातून चित्र काढता येईल का, आणि घ्यायचंच तर सामान कोणतं घ्यायचं.

मी ३१ वर्षं ड्रॉइंग टीचर होते, आर्वी तालुक्यातल्या एका शाळेत. एटीडी म्हणजे चित्रकला शिक्षकाचा डिप्लोमा केलेली, एलिमेंटरी-इंटरमिजिएटला किती पोरं बसवली त्याचा हिशोब नाही. आता रिटायर होऊन पाच वर्षं झाली आणि दर रविवारी आमच्या गावच्या समाजमंदिरात दहाबारा मोठी माणसं घेऊन बसते, त्यातली अर्धी कलरिंगच करतात. म्हणून उत्तर जरा लांबेल, चहा घेऊन वाचा.

आधी एक कबुली देते. मी नोकरीत असताना कलरिंग बुकची पक्की दुश्मन होते. वर्गात कोणाच्या दप्तरात दिसलं की टेबलाच्या ड्रॉवरमध्ये, शनिवारी परत. आईबाप यायचे भांडायला, मॅडम चाळीस रुपयांचं पुस्तक आहे, आणि मी त्यांना सांगायची की ह्या पुस्तकानं तुमच्या पोट्ट्याचा हात बांधून टाकला. ते माझं एकटीचं डोकं नव्हतं. व्हिक्टर लोवेनफेल्ड म्हणून कलाशिक्षणातले मोठे माणूस होऊन गेले, १९४७ साली त्यांनी मुलांच्या चित्रांवर पुस्तक लिहिलं जे आमच्यासारख्यांना प्रमाण, आणि त्यांचा कलरिंग बुकला कडक विरोध होता. मुद्दा साधा आहे. पोरगं स्वतःचं कुत्रं काढते तेव्हा त्याला चावलेलं कुत्रं, दारातलं कुत्रं, शेपूट हलवणारं कुत्रं असं काहीतरी त्याच्या डोक्यात असते आणि ते वेडंवाकडं का होईना कागदावर येते. एकदा का छापील गुळगुळीत कुत्रं त्याच्यासमोर ठेवलं की ते म्हणते मला कुत्रं जमत नाही मॅडम. हे मी डोळ्यानं शंभरदा पाहिलंय. तेच पोरगं पहिलीत भिंतीवर कोळशानं बैलबंडी काढत होतं.

तर माझं मत हे असं. मग सात वर्षांपूर्वी आमचे हे आजारी पडले, नागपुरात बावीस दिवस दवाखान्यात. बाहेरच्या बाकड्यावर बसून राहायचं, डॉक्टर दिवसातून एकदा येणार, बाकी वेळ नुसतं त्या दाराकडे पाहणं. स्केचबुक पर्समध्ये होतं पण हात उचलत नव्हता, खरं सांगते, तीस वर्षं चित्र शिकवणाऱ्या बाईला एक रेघ ओढायची हिंमत होत नव्हती. भाचीनं एक कलरिंग बुक आणि बारा पेन्सिली आणून दिल्या, मी मनात म्हटलं हे काय लेकराचं आणलं, आणि दुपारी कंटाळून उघडलं. एक पान झालं. दुसरं झालं. तिसऱ्या दिवशी बाजूच्या पेशंटची माय म्हणाली बाई मले बी एक पान फाडून द्या, मंग दोघी बसलो. ती यवतमाळकडची निंदणाला जाणारी बाई होती, पेन्सिल मुठीत धरायची खुरप्यासारखी, पण पानं कशी रंगवली तिनं, एकेक पान वेगळ्या हिरव्याचं, म्हणे वावरात कधी एक हिरवा असते का.

तिथं मला समजलं की लेकराला जे पुस्तक मारते तेच मोठ्या माणसाला तारून नेऊ शकते. लेकराजवळ रेघ असते, ती आपण छापील रेघ देऊन हिसकावतो. मोठ्या माणसाजवळ रेघ उरलेलीच नसते, शाळेत कोणीतरी हसलं तेव्हाच ती गेली, त्याला कोऱ्या कागदाची भीती वाटते. त्याला रेघ आयती दिली की निदान रंग तरी हातात येतो. म्हणून तुमच्या प्रश्नाचं उत्तर लेकीसाठी वेगळं आणि तुमच्यासाठी वेगळं आहे भाऊ. लेकीला कोरे कागद द्या. पुस्तक तुम्ही ठेवा.

आता टेन्शनचं. ह्या बाबतीत फार फुगवून सांगतात, मंडल म्हणजे ते गोल नक्षीचं चित्र रंगवा आणि चक्र उघडतात वगैरे. अमेरिकेत २००५ साली ह्याच्यावर एक बारका प्रयोग झाला होता, करी आणि कॅसर ह्या दोघांचा. कॉलेजची ८४ पोरं घेतली, आधी त्यांना भीतीचा प्रसंग आठवून लिहायला लावला म्हणजे घबराट वाढली, मग वीस मिनिटं रंगवायला दिलं, काहींना मंडल, काहींना साधी चौकडी आणि काहींना कोरा कागद. मंडलवाल्यांची घबराट कमी झाली, आणि चौकडीवाल्यांचीही जवळपास तेवढीच कमी झाली, कोऱ्या कागदवाल्यांची मात्र तेवढी नाही. चौकडी म्हणजे आपल्या लुंगीवर असते ती. म्हणजे गोलात काही जादू नाही, आखून दिलेली चौकट आणि तिच्यात चाललेला हात ह्यानं फरक पडला. हे वाचलं तेव्हा मी हसले, कारण आपल्या आयाबाया रोज पहाटे सडा टाकून ठिपके मांडून हेच करत आल्या, घरात कितीही भांडण झालेलं असो.

का होते तर माझ्या समजुतीप्रमाणे, हात गुंतलेला, डोळे गुंतलेले, आणि डोक्याला सारखे बारके बारके निर्णय घ्यायचे असतात, इथं पिवळा का नारंगी, दाबून का हलकं, आणि चुकला निर्णय तरी कोणाचं काही जात नाही. तुमच्या दुकानात उधारी कोणाला द्यायची हा निर्णय चुकला तर पैसे बुडतात. वावरात फवारा चुकला तर पीक. इथं चुकलं तर पान निळं झालं, बस. दिवसभर महागाचे निर्णय घेणाऱ्या माणसाला हे फुकटाचे निर्णय बरे वाटतात.

पण औषध समजू नका. आर्ट थेरपी वेगळी, तिथं शिकलेला माणूस समोर बसतो आणि तुमच्याशी बोलतो, आपण घरी पुस्तक रंगवतो ती थेरपी नाही. तुम्ही लिहिलं झोप येत नव्हती. एखादी रात्र असेल तर ठीक आहे, पण महिना महिना झोप नसेल, जेवण जात नसेल, जगण्यात राम वाटत नसेल तर पेन्सिली बाजूला ठेवा आणि जिल्हा रुग्णालयात मनाच्या डॉक्टरला भेटा, नाहीतर १४४१६ ला फोन लावा, सरकारची टेली मानस म्हणून फुकट लाईन आहे, मराठीत बोलता येते. आपल्या भागात माणसं हे लपवतात, म्हणून मुद्दाम लिहिलं. पुढे चला.

सगळ्यांना जमते असंही नाही. आमच्या रविवारात बचत गटाच्या एक ताई होत्या, त्यांना पान अर्धं सोडलं की चैन पडेना, घरी जाऊन रात्री बारापर्यंत पुरं करायच्या, मान आखडली, आणि वरून नवऱ्याची बोलणी. त्यांना मी स्वतः म्हटलं तुम्ही नका येऊ ह्याला, त्यापेक्षा विणकाम करा, त्यात निदान स्वेटर तरी निघते. दुसरे एक एसटीचे रिटायर ड्रायव्हर काका, त्यांची रेघेबाहेर एक ठिपका जात नाही, म्हणतात मॅडम बत्तीस वर्षं गाडी रोडखाली जाऊ नाही देली, आता पेन्सिल काहून जाऊ देऊ. तीन महिने एकदम खूश होते, मग एक दिवस म्हणाले कंटाळा आला, सगळ्या पानाईत तेच ते फूल. मला बरंच वाटलं. कंटाळा आला म्हणजे माणूस पुढच्या कामाला तयार झाला, त्यावर खाली येते.

चित्र काढता येईल का, तर ह्यानं नाही येत, स्पष्ट सांगते. चित्र काढणं म्हणजे पाहणं आहे, समोरचा लोटा किती रुंद, सावली कुठं पडली, आणि कलरिंग बुकमध्ये पाहायचं काम दुसऱ्यानं करून ठेवलेलं असते. मात्र दोन गोष्टी येतात. एक तर हात हलका होतो. शेतकऱ्याचा हात जड असतो, डवऱ्याच्या रुमण्यावर दाब देऊन देऊन तो पेन्सिलवरही तेवढाच दाब देतो, टोक मोडते नाहीतर कागद चकाकतो आणि त्यावर दुसरा रंग चढत नाही. म्हणून पेन्सिल टोकाजवळ न धरता मागं धरा, बारीक गोल गोल फिरवा, आणि एका दाबात रंग भरण्याऐवजी तीनचार पातळ थर द्या. पऱ्हाटीला एकदाच पोतंभर खत टाकत नाही ना आपण, तसंच.

दुसरं म्हणजे रंग समजतो. इथं मला थोडं शिकवू द्या, सवय जात नाही. संत्रं रंगवताना अंधाऱ्या बाजूला लोक काळा घासतात आणि ते संत्रं सडल्यासारखं दिसते. काळा हातच नका लावू. नारंगीवर खालच्या बाजूला थोडा लाल, मग थोडा तपकिरी, आणि अगदी हलका निळा फिरवा, नारंगीच्या समोरचा रंग निळा, तो त्याची चमक खाली बसवतो आणि फळ गोल होते. हिरव्या पानाच्या सावलीत तसाच थोडा लाल. कापसाचं बोंड आलं तर सगळ्यात मजा, कारण पांढरी पेन्सिल पांढऱ्या कागदावर काहीच करत नाही. बोंड कोरं सोडायचं, पाकळ्यांच्या घडीत नुसता फिकट निळा-जांभळा श्वास टाकल्यासारखा, आणि मागचं आभाळ किंवा माती गडद करायची, की बोंड आपोआप फुटून बाहेर येते. पांढरा बैलही असाच. हे एकदा हाताला कळलं की वावरात जाताना नजर बदलते, सकाळच्या उन्हात बैलाच्या पोटाखाली जांभळा रंग असतो हे तुम्हाला आधी दिसलंच नव्हतं असं वाटेल. तिथून चित्राची वाट सुरू होते, पुस्तकातून नाही.

ती वाट धरायची असेल तर पुस्तकाशी थोडी बेइमानी करा. चित्राच्या कोपऱ्यात आपला एक पक्षी काढा, मागं आपलं टेकाड घाला, बाईच्या साडीला आपल्या मनाचा काठ. २०१७ मध्ये आणखी एक अभ्यास आला होता, त्यात एका गटानं नुसतं रंगवलं आणि दुसऱ्या गटानं आर्ट थेरपिस्ट बाजूला असताना हवं ते केलं, तर ताण दोन्हीकडे कमी झाला पण 'मला हे जमते' ही भावना हवं ते करणाऱ्यांत जास्त वाढली. तेच मी ड्रायव्हर काकांवर वापरलं. त्यांना चौकटीची वही दिली आणि म्हटलं वहिनीला विचारून ठिपक्यांची रांगोळी उतरवा. पंधरा ते आठ मधल्या ठिपक्यांची, वहिनीनं सांगितली, ह्यांनी काढली, दोनदा चुकली, तिसऱ्यांदा जमली, मग तिचीच झेरॉक्स काढून सगळ्यांनी रंगवली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा माह्या बायकोनं मले कायतरी शिकवलं अन् म्या आयकलं, असं ते म्हणाले, वहिनीचं म्हणणं मात्र वेगळं आहे.

म्हणून विकतचं पुस्तक लागतेच असंही नाही. ही फॅशन आली तिकडून, २०१३ साली स्कॉटलंडच्या एका चित्रकार बाईंचं बागेच्या चित्रांचं पुस्तक आलं आणि जगभर लाखांनी खपलं, मग सगळ्यांनीच काढली, आता ऑनलाइन तर पूर आहे. त्यात चोरून छापलेली फार, कागद पेपराच्या रद्दीसारखा आणि रेघा फुटक्या. घेताना कागद बघा, जीएसएमचा आकडा जेवढा मोठा तेवढा कागद जाड. सत्तर जीएसएमचा झेरॉक्सचा कागद असेल तर पेन्सिल कशीबशी चालते, स्केचपेन मागच्या पानावर फुटते, मागंही चित्र असेल तर दोन्ही गेले. १२० च्या वरचा आणि एका बाजूलाच छापलेला असेल तर घ्या. नाहीतर ड्रॉइंग पेपर ए-फोर मध्ये कापून तालुक्याच्या झेरॉक्सवाल्याकडे न्या, मशीन जाड कागद घेत असेल तर रांगोळी, भुलाबाई, जुन्या लुगड्याचा काठ, काय पाहिजे ते छापून मिळते. झेरॉक्सचीच घ्या, शाईच्या प्रिंटरची रेघ पाण्याच्या रंगानं पसरते.

पेन्सिली २४ च्या पुरे. कॅमलिन, डोम्स, अप्सरा, काहीही चालते सुरुवातीला, तालुक्याला स्टेशनरीत मिळतात. ७२ शेडची पेटी घेऊ नका, तिच्यातून रंग निवडण्यातच रात्र जाते आणि मिसळायला कोणी शिकत नाही. पेन्सिल पाडू नका, वरून शाबूत दिसते पण आत शिसं तुकडे तुकडे होते आणि मग शार्पनरमध्ये मोडतच जाते. शार्पनर मात्र चांगला घ्या, तिथं दहा रुपये वाचवू नका. मोबाईलवर ते बोट लावलं की रंग भरणारं ॲप असते, ते मी छंदात धरत नाही, त्यात हाताला कामच नाही, आणि मध्येच जाहिरात येते ती वेगळी.

आपल्याकडच्या उन्हाळ्याचं कोणत्याच पुस्तकात लिहिलेलं नसते म्हणून सांगते. एप्रिल-मे मध्ये पारा ४५ ला टेकला की तेलखडू लोण्यासारखे होतात, टिनाच्या पेटीत आणि टिनाच्या खोलीत तर ठेवूच नका, माठाजवळच्या कोनाड्यात ठेवा. हाताला घाम येतो, तळव्याखाली एक रफ कागद ठेवून रंगवा नाहीतर खालचा रंग पुसतो. आणि कूलरसमोर बसू नका. वाऱ्यानं पान उडते ते क्लिप लावून थांबवता येते, पण कूलरच्या ओलीनं कागद सादळतो आणि सादळलेल्या कागदावर पेन्सिल घसरते, रंग धरत नाही. पहाटे ओसरीत बसा, उजेडही चांगला असतो. रात्री करायचं तर लाईट डाव्या बाजूनं, मांडीवर पाट, आणि चाळिशी लागली असेल तर चष्मा लावायला लाजू नका. अर्धा तास झाला की उठायचं. झालेलं पान ओसरीत उन्हासमोर टांगू नका, स्वस्त पेन्सिलींचे गुलाबी आणि जांभळे रंग सगळ्यात आधी उडतात.

राहिला साळा. पोळ्याला बैलाची शिंगं रंगवतो तेव्हा कोणी नर्सरी म्हणत नाही. अंगावर ठप्पे उठवतो, बाशिंग बांधतो, दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल घरोघरी पुन्हा रंगवला जातो, आणि तो लेकरू रंगवत नाही, बाप रंगवतो, लेकरू फक्त बोजारा म्हणजे घरोघरचे खाऊ-पैसे गोळा करते. मोठ्या माणसानं आयत्या आकारात रंग भरणं आपल्याकडे जुनंच आहे, फक्त कागदावर आलं म्हणून हसू येते. तुम्ही साळ्याशी वाद नका घालू. येत्या पोळ्याला बोलवा, तुमचा लाकडी बैल आणि शून्य नंबरचा ब्रश हातात द्या आणि झुलीच्या काठाला एका ओळीत बारीक पांढरे ठिपके द्यायला सांगा. विसाव्या ठिपक्याला तो बोलायचा बंद होतो का बघा आणि मला कळवा.